जीपची पुढची चाके

बैलगाडीच्या चाकात खोट आली तर ती लपत नाही. चाक कुरकुरते. लोखंडी धाव एकाच कडेला चकाकू लागते. बैल मान खाली घालून ओढू लागतात. गाडीवान खाली उतरतो, आख बघतो, तुंबा बघतो आणि सुताराकडे जातो.

मोटारीचे तसे नसते. चाक थोडे वाकडे बसले तरी इंजीन ते ओढत नेते. इंजिनाला बैलासारखा दम लागत नाही. आत बसलेल्यांना काही कळत नाही. पण खाली रस्त्यावर रबर घासत असते. काही महिन्यांनी टायरच्या आतले दोरे दिसू लागतात, तेव्हा मालक कपाळाला हात लावतो.

या पाठात आपण जुन्या जीपची पुढची चाके पाहणार आहोत. ती वाकडी आहेत का, हे कसे मोजायचे? आणि वाकडी असली तर सरळ कशी करायची?

जीपच का घेतली? एक तर ती आपल्या ओळखीची आहे. महिंद्रा कंपनीने 1950 च्या आधीच मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कचेरीची जीप आली, दवाखान्याची जीप आली, मग वडापची जीप आली. काही गावांत जुनी जीप आजही चालते आहे. दुसरे कारण असे की, जीपचा पुढचा भाग उघडा असतो. खाली वाकून पाहिले की आख, पाटे, दांड्या सारे डोळ्यांना दिसते. शिकायला असे यंत्र बरे.

दोन्ही टायर एकाच कडेने

समजा, एक जीपवाला आहे. त्याचे गाव तालुक्याच्या बाजारापासून 30 किलोमीटर आहे. मधे घाट आहे. बाजारच्या दिवशी जीप माणसांनी भरलेली असते.

त्याने पुढचे दोन टायर नवे घातले. पाच महिन्यांत ते झिजले. तेही आतल्या कडेने. आतली कड उभ्या माणसाला दिसत नाही. वरून टायर चांगला वाटतो. जीपवाल्याने आधी टायरवाल्याला दोष दिला, मग रस्त्याला दिला. गावचा म्हातारा सुतार पारावर बसला होता. त्याच्या हातून शेकडो गाड्यांची चाके झाली होती. जीपवाला त्याला म्हणाला,

"आबा, टायरच हलका निघाला बघा."

"दोन्ही बी झिजलं? का एकच?"

"दोन्ही बी. आतल्या अंगानं."

"मग टायर काय करंल, लेका? चाक वाकडं चालतंय. बस खाली. टायरवर हात फिरव. आतनं भायेर फिरव. आता भायेरनं आत फिरव."

जीपवाल्याने हात फिरवला. आतून बाहेर फिरवला तेव्हा रबर गुळगुळीत लागले. बाहेरून आत फिरवला तेव्हा बोटांना करवतीच्या दातांसारखे टोचले.

"हे काय हो आबा?"

"रबराला धार लागलीया. रंधा मारल्यागत."

आबांनी मोटार कधी चालवली नव्हती. पण चाक ते चाक. घासलेली वस्तू कोणत्या बाजूने घासली ते हाताला कळते. ही परीक्षा तुम्हीही करू शकता. तिला एक पैसा लागत नाही. फक्त आधी गाडी बंद करा आणि हात जपून फिरवा. झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आली असेल तर हात कापतो.

टायर आणखीही काही सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला राहिला, तर हवा कमी होती. मधला भाग झिजला आणि कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. पण एकच कड झिजली आणि हाताला करवत लागली, तर चाकांची दिशा चुकली आहे असे समजावे.

पंजे आत, पंजे बाहेर

माणसे कशी चालतात ते पाहा. कोणी पंजे सरळ टाकतो. कोणी पंजे बाहेर टाकून चालतो, कोणी आत. त्यांच्या वहाणा पाहिल्या तर त्या एका कडेने झिजलेल्या दिसतात.

गाडीच्या पुढच्या दोन चाकांचेही असेच आहे. दोन्ही चाकांचे पुढचे भाग एकमेकांजवळ आले आणि मागचे भाग लांब गेले, तर त्याला कारागीर 'टो-इन' म्हणतात. पुढचे भाग लांब गेले तर 'टो-आउट' म्हणतात. टो म्हणजे पायाचे बोट. टो-इन म्हणजे बोटे आत, टो-आउट म्हणजे बोटे बाहेर. चाके अशी बरोबर बसवण्याच्या कामाला गॅरेजमध्ये 'अलाइनमेंट' म्हणतात. हे शब्द इंग्रजी आहेत, पण आता ते गॅरेजच्या पाटीवर मराठीत लिहिलेले असतात. तुम्ही ते वाचू शकाल.

टो-आउट फार झाला तर टायरची आतली कड झिजते. टो-इन फार झाला तर बाहेरची कड झिजते. टो-आउटमध्ये हात बाहेरून आत नेताना टोचते, टो-इनमध्ये आतून बाहेर नेताना टोचते. आता जीपवाल्याच्या टायरची गोष्ट आठवा. त्याचे काय झाले होते? बरोबर. टो-आउट.

आता एक हिशेब करू. वाकडेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण हिशेबात दिसतो.

जीपवाल्याच्या चाकांचे माप घेतले. दोन चाकांमधले अंतर मागच्या बाजूला 1222 मिलिमीटर भरले. पुढच्या बाजूला 1236 भरले. फरक किती? 14 मिलिमीटर. हा फरक दोन चाकांचा मिळून आहे. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला 7 मिलिमीटर आले. जीपचे चाक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे 28 इंच असते. हिशेबाला सोपे जावे म्हणून ते 700 मिलिमीटर धरू. 700 मध्ये 7, म्हणजे 100 मध्ये 1.

याचा अर्थ काय? चाक 100 पावले पुढे गेले की त्याला 1 पाऊल बाहेर जावेसे वाटते. पण गाडी सरळ चालली आहे. दुसरे चाक दुसरीकडे ओढते आहे. म्हणून चाक बाहेर जाऊ शकत नाही. ते तेवढे आडवे घासत येते. एका किलोमीटरचे मीटर होतात 1000. तेव्हा दर किलोमीटरला चाक 10 मीटर आडवे घासले. बाजारापर्यंत 30 किलोमीटर. म्हणजे 300 मीटर. परत येताना आणखी 300.

गाडीचे चाक 600 मीटर रोज आडवे फरफटवले तर रबर राहील कसे? आणि फरफटवायला जोर लागतो. तो जोर डिझेलचा. ते डिझेलही जीपवाल्याच्याच खिशातून जाते.

पैसा जातो तो जातो. घाटातली गोष्ट वेगळी आहे. पावसात ओल्या रस्त्यावर टायरच्या खोबणी पाणी बाहेर टाकतात. खोबण गेली की पाण्यावर चाक सरकते. ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. झिजलेला टायर भरल्या गाडीत फुटूही शकतो. मोटारीच्या नव्या टायरच्या खोबणीत तळाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. त्या 1.6 मिलिमीटर उंच असतात. रबर झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला असे समजावे. तो कडेला टेकला काय आणि मधे टेकला काय, सारखेच. वडापमध्ये बसणाऱ्यालाही हे पाहता येते. गाडीत बसण्याआधी खाली वाकून टायर पाहिला तर ड्रायव्हरने राग मानू नये.

थोडा टो-इन का ठेवतात?

तुम्ही म्हणाल, मग चाके अगदी सरळ ठेवावी. टो-इन नको, टो-आउटही नको.

पण जुन्या जीपला कारखान्यानेच थोडा टो-इन सांगितला आहे. इंचाचे 64 भाग केले तर त्यातल्या 3 भागांपासून, इंचाचे 32 भाग केले तर त्यातल्या 3 भागांपर्यंत. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सव्वापासून अडीचच्या थोडे खाली. तांदळाच्या एका दाण्याच्या जाडीएवढे.

असे का? गाडी उभी असते तेव्हाची गोष्ट वेगळी आणि चालते तेव्हाची वेगळी. जीप सपाट रस्त्यावर चालते तेव्हा मागची चाके ती ढकलतात. पुढच्या चाकांना रस्ता मागे ओढतो. सांध्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. मग चाकांची तोंडे किंचित उघडतात. उभ्या गाडीत ती किंचित मिटलेली असली म्हणजे चालताना बरोबर सरळ होतात.

आणखी दोन तिरकेपणे कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असतात. जीपचे चाक समोरून पाहिले तर वरच्या बाजूने किंचित बाहेर झुकलेले असते, दीड अंश. आणि चाक ज्या खुंटीवर डावीउजवीकडे वळते, ती खुंटी वरच्या बाजूने मागे झुकलेली असते, 3 अंश. या खुंटीला किंगपिन म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो, म्हणून चालती सायकल आपोआप सरळ धावू पाहते. जीपमध्ये हे दोन तिरकेपणे आखातच घडवलेले असतात. ते पाना फिरवून बदलत नाहीत. ते बिघडले तर आख वाकला असेल, नाहीतर पाटे बसले असतील. त्याला जाणता कारागीर पाहिजे. आपले काम टो पुरते.

वळणाची एक गंमत इथेच सांगून टाकतो. खळ्यात मळणी चालते तेव्हा तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल लहान गोल फिरतो. कडेचा बैल मोठा गोल फिरतो. आतल्या बैलाला जास्त वळावे लागते. चारचाकी गाडीचेही तेच. डावीकडे वळताना डावे चाक जास्त वळले पाहिजे, उजवे कमी. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक घासणार. यावर जर्मनीतल्या म्युनिक शहरात लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने युक्ती काढली. त्याच्या वतीने अ‍ॅकरमन याने 1818 साली इंग्लंडमध्ये तिचे हक्क नोंदवले. तेव्हा मोटार नव्हती, घोड्यांच्या गाड्या होत्या. युक्ती त्या माणसाची आणि नाव मात्र अ‍ॅकरमनचे राहिले! आजही मोटारीच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्या याच युक्तीला धरून बसवलेल्या असतात.

आधी ढिलाई पाहा

आता कामाकडे वळू. पुष्कळ लोक इथे घाई करतात. टायर झिजला की लगेच दांडी फिरवायला घेतात. पण सांधा ढिला असेल तर आज लावलेले माप उद्या राहत नाही. खुंटा हलत असताना दावे घट्ट करून उपयोग काय?

म्हणून पहिले काम हवेचे. दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा सारखी भरा. एकीकडे कमी असली तर गाडी त्या बाजूला ओढते आणि आपण उगाच अलाइनमेंटला दोष देतो. एका चाकाचा ब्रेक धरून राहिला तरी गाडी एका बाजूला ओढते. तेही पाहून घ्या.

मग एका माणसाने स्टेअरिंग थोडे थोडे डावीउजवीकडे हलवावे. दुसऱ्याने समोरून खाली पाहावे. स्टेअरिंग हलते, पण दांडी हलत नाही, असे किती वेळ होते? दांडीच्या टोकाला गोल सांधा असतो. तो खुळखुळतो का? हे काम गाडी जमिनीवर असताना, इंजीन बंद ठेवून करायचे.

त्यानंतर मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचे एक चाक जॅकवर उचला. आखाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली डोके घालू नका. जॅक निसटतो, आणि निसटतो तेव्हा सांगून निसटत नाही. हे आम्ही दोनदा लिहिले असते तरी चालले असते.

उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवा. मग डावीकडे आणि उजवीकडे धरून हलवा. वर-खाली धरून हलले तर चाकाची बेअरिंग ढिली असेल किंवा किंगपिन झिजली असेल. डावीउजवीकडे धरून हलले तर बहुधा दांडीचा सांधा गेला आहे. जे ढिले असेल ते आधी बदलून घ्या. आणि दांडी वाकलेली दिसली तर ती बदलाच. तापवून, ठोकून सरळ केलेल्या दांडीवर भरल्या गाडीचा जीव टांगू नये.

जीपवाल्याच्या गाडीत काय निघाले? सहा महिन्यांपूर्वी दांडीचे टोक बदलले होते. टोकाला आटे असतात. जुने टोक किती आटे आत होते, ते काढताना कोणी मोजले नव्हते. नवे टोक अंदाजाने बसवले. गाडी चालू लागली, आणि सगळ्यांना वाटले, काम झाले. टोक काढताना आटे मोजून खडूने भिंतीवर आकडा लिहिला असता तर दोन टायर वाचले असते.

ओळंबा आणि टेप

मोजायला काय लागते? एक टेप, एक ओळंबा, खडू, एक खिळा आणि दोन माणसे. ओळंबा गवंड्याकडे मिळेल. टेप मिलिमीटरच्या खुणा असलेला घ्या. टेपवर 1 आणि 2 या मोठ्या आकड्यांमध्ये दहा बारीक घरे असतात. एक बारीक घर म्हणजे 1 मिलिमीटर. आपल्याला एकेका घराचा हिशेब करायचा आहे. ज्याला आकडे वाचता येतात, त्यालाच हे काम जमते.

जागा सपाट पाहिजे. फरशी असली तर उत्तम. खळ्यासारखी टणक जागाही चालेल.

पुढचे चाक उचलून टायरच्या मधल्या भागावर खडू फासा. विटांच्या थप्पीवर खिळा घट्ट धरा. त्याचे टोक रबराला टेकवा आणि चाक गरागरा फिरवा. खडूवर एक बारीक गोल रेघ उमटेल. दुसऱ्या चाकालाही असेच करा. रेघ अगदी मध्यावर नसली तरी बिघडत नाही. ती बारीक मात्र हवी.

चाके खाली टेकवा. गाडी पुढे ढकलत पाच-सहा मीटर न्या आणि थांबवा. स्टेअरिंग सरळ असू द्या. गाडी मागे ढकलू नका. मागे ढकलली तर सांध्यातली ढिलाई उलट बाजूला जाते आणि माप खोटे येते. पुढे गेली तर परत एक फेरी मारून आणा, पण शेवटची चाल पुढेच हवी.

आता चाकाच्या मागच्या बाजूला जा. जमिनीपासून चाकाचा मध्य जितका उंच आहे, तितक्याच उंचीवर रेघेवर खडूने एक टिंब द्या. त्या टिंबापासून ओळंबा सोडा. ओळंबा स्थिर झाला की जमिनीवर फुली मारा. दुसऱ्या चाकालाही तसेच करा. जमिनीवर दोन फुल्या झाल्या.

मग गाडी हळूच पुढे ढकला. चाक अर्धा फेरा फिरले की मागची टिंबे पुढे येतील. सुमारे 1100 मिलिमीटर गाडी पुढे जाईल. टिंबे पुन्हा त्याच उंचीवर आली की थांबा. तिथून ओळंबा सोडून आणखी दोन फुल्या मारा. तीच टिंबे का वापरायची? चाकाची रिम थोडी वाकडी असली तर तिचा वाकडेपणा मापात येऊ नये म्हणून.

आता गाडी बाजूला न्या. चार फुल्या जमिनीवर राहिल्या. टेप लावा. मागच्या दोन फुल्यांमधले अंतर वहीत लिहा. पुढच्या दोन फुल्यांमधले अंतर त्याच्या खाली लिहा. मागचे जास्त असेल तर टो-इन. पुढचे जास्त असेल तर टो-आउट. एकदाच मोजून विश्वास ठेवू नका. दोनदा मोजा. दोन मापांत 1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

दांडी फिरवणे

दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी असते. तिला टाय रॉड म्हणतात. काही जीपला ती अखंड असते, काहींना दोन तुकड्यांत. तिच्या एका बाजूला उजवे आटे असतात, दुसऱ्या बाजूला डावे. म्हणून दांडी जागच्या जागी एका दिशेला फिरवली की तिची लांबी वाढते, दुसऱ्या दिशेला फिरवली की कमी होते. टोके काढावी लागत नाहीत. मोठी सोयीची रचना आहे.

लांबी वाढवायची की कमी करायची? हे दांडी कुठे आहे त्यावर आहे. दांडी आखाच्या पुढे असेल तर आखूड केल्यावर चाकांची तोंडे जवळ येतात. दांडी आखाच्या मागे असेल तर उलट. मागे आखूड केली की चाकांचे मागचे भाग जवळ येतात आणि तोंडे उघडतात. इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. कागदावर दोन चाके आणि एक दांडी काढून पाहा, म्हणजे लगेच उमजेल.

जीपवाल्याच्या गाडीची दांडी आखाच्या पुढे होती आणि टो-आउट होता. म्हणून ती आखूड करायची ठरली. हात कारागिराचा होता, माप जीपवाल्याचे होते. कारागिराने दांडीच्या दोन टोकांवरचे क्लॅम्प सैल केले. आटे गंजले होते, त्यांवर तेल सोडून थोडा वेळ वाट पाहिली. दांडीवर खडूची उभी रेघ ओढली, म्हणजे किती फेरा झाला ते कळते. मग पाईप पान्याने दांडी अर्धा फेरा फिरवली. गाडी पुढे ढकलली. पुन्हा चार फुल्या, पुन्हा टेप. फरक कमी झाला. पुन्हा थोडी फिरवली. असे करत करत मागे 1230 आणि पुढे 1228 आले. 2 मिलिमीटर टो-इन. तिथे थांबले.

नंतर क्लॅम्प घट्ट केले. घट्ट करताना दांडी फिरू नये याकडे लक्ष दिले. टोकाच्या नटातली पिन जागेवर आहे का, ते पाहिले. ही पिन लहान असते, पण ती नसली आणि नट गळाला तर स्टेअरिंग हातात राहते आणि चाक भलतीकडे जाते. शेवटी स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिले. टायर कुठे घासत नव्हता. नट घट्ट केल्यावर माप पुन्हा एकदा घेतले. तेच आले.

दांडी दोन तुकड्यांत असली तर दोरीची रीत सोपी. जुन्या जीपच्या पुढच्या दोन चाकांमधले अंतर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर सारखे असते. म्हणून मागच्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला ताणलेली दोरी लावून ती पुढच्या चाकापर्यंत आणली, तर सरळ असलेले पुढचे चाक दोरीला पुढून आणि मागून सारखेच टेकते. विलीस जीपच्या कारखान्याच्या पुस्तकातही हीच रीत दिली आहे. मधला जोड आखाला काटकोनात ठेवायचा, दोन्ही चाके दोरीने सरळ करायची आणि मग उजवी दांडी अंदाजे अर्धा फेरा आखूड करायची, म्हणजे हवा तेवढा टो-इन येतो. पण ज्या गाडीची पुढची आणि मागची रुंदी सारखी नाही, तिला ही रीत लावू नका.

दुसऱ्या मोटारींचे काय?

मारुती 800 ही मोटार 1983 साली आली. तिच्यासारख्या मोटारींना पुढे अखंड आख नसतो. प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडी असते. तिथे दोन्ही दांड्या सारख्याच फिरवाव्या लागतात. एकच फिरवली तर टो बरोबर येईल, पण गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडे राहील. प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते. जीपचे माप दुसऱ्या गाडीला चालत नाही. ते त्या गाडीच्या पुस्तकात पाहावे.

आता तालुक्याच्या गावी संगणकाचे यंत्र असते. चाकांना पट्टे अडकवतात आणि पडद्यावर आकडे उमटतात. नव्या गाडीला हेच बरे. आमचे मत विचाराल तर, दांडी कोणीही फिरवावी असे हे काम नाही. जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन-चारदा केल्याशिवाय पान्याला हात लावू नये. मोजणे मात्र प्रत्येक गाडीवाल्याने शिकावे. मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि यंत्रावर काम करून घेतले की कागद मागा. यंत्रातून छापील कागद निघतो. त्यावर काम करण्याआधीचे आकडे असतात आणि केल्यानंतरचेही असतात. डाव्या चाकाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. आकडे बहुधा अंशांत असतात. एका अंशाच्या 60 व्या भागाला मिनिट म्हणतात. ते घड्याळाचे मिनिट नव्हे. चुकीचे आकडे पुष्कळदा लाल रंगात येतात, बरोबर आकडे हिरव्या रंगात. कोणता आकडा आधी लाल होता आणि तो आता हिरवा झाला का, एवढे पाहा. नंतरच्या रकान्यात लाल आकडा उरला असेल तर पैसे देण्याआधी विचारा, "हा का राहिला, दादा?" कधी खरेच कारण असते. सांधा झिजलेला असतो, किंवा काही वाकलेले असते. कारागीर ते दाखवील. तो कागद गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवा. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

वहीत करून पाहा

एका जीपच्या दोन चाकांमधले अंतर मागे 1232 मिलिमीटर आहे आणि पुढे 1225 मिलिमीटर आहे. हा टो-इन की टो-आउट? कारखान्याने सांगितल्यापेक्षा तो जास्त आहे की कमी? टायरची कोणती कड झिजेल? चाक 700 मिलिमीटरचे धरा. जीप रोज 40 किलोमीटर चालते. तर एक चाक रोज किती मीटर आडवे घासते? आधी दोन चाकांचा फरक निम्मा करायला विसरू नका.